बेसबॉलचे रसिक आणि त्यांचे आंकडे

आंकडा आणि रस यांचें हाडवैर आहे, अशी आमच्या साहित्यिक मंडळींची एक जुनी व लाडकी समजूत आहे. कवितेंतल्या मात्रा मोजणाऱ्यास कविता कळत नाहीं, गवयाच्या ताना मोजणाऱ्यास गाणें कळत नाहीं, आणि खेळाडूच्या धांवा मोजणाऱ्यास खेळ कळत नाहीं, असें आपण म्हणतों व म्हणून झाल्यावर थोडें समाधानही पावतों. कारण न मोजणारे ते आपण, अर्थात् रसिक ते आपणच, हें त्यांत गृहीत असतें. ही समजूत तपासून पाहण्यास एक चांगलें उदाहरण आहे, पण तें आपल्या देशांतलें नाहीं. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा जो खेळ खेळतात, त्याच्या रसिकांचें बोलणें हा आमचा आजचा विषय होय. हे लोक आपल्या संघाविषयीं, काल रात्रीं हरलेल्या सामन्याविषयीं, चाळीस वर्षांपूर्वीं निवृत्त झालेल्या एखाद्या पिचरविषयीं अष्टौप्रहर बोलत असतात, आणि तें बहुतेक सारें आंकड्यांत बोलतात. ह्या बोलण्यांतून एक स्वतंत्र वाङ्मय निपजलें आहे. तें वाचतां वाचतां आमची अशी खात्री होत गेली कीं, आपण जिला टीका म्हणतों तिचाच हा एक प्रकार आहे. आणि पुराव्याची चाड ह्या एका बाबतींत तरी तो आपल्या मासिकांतून चालणाऱ्या टीकेहून पुष्कळ सरस आहे.

खेळाची ओळख करून देणें भाग आहे. पण आमच्या वाचकांस क्रिकेट ठाऊक असल्यामुळें ती थोडक्यांत आटोपतां येईल. नऊ नऊ खेळाडूंचे दोन संघ, नऊ डाव, आणि प्रत्येक डावांत तीन गडी बाद होईपर्यंत फलंदाजी. पिचर टप्पा न पाडतां चेंडू फेंकतो. फलंदाज गोल दांडक्यानें तो टोलवून, चौकोनाच्या चार कोपऱ्यांस जे चार बेस असतात त्यांना फेरी घालण्याचा यत्न करतो. क्रिकेटचा फलंदाज दिवसभर उभा राहूं शकतो. बेसबॉलमध्यें पाळी कांहीं मिनिटांत संपते, व सामन्यांत अशा चार-पांचच पाळ्या वांट्यास येतात. दहांपैकीं तीन पाळ्यांत ज्याचा टोला लागू पडतो तो उत्तम फलंदाज गणला जातो. म्हणजे उत्तम म्हटलेला माणूसही दहांपैकीं सात वेळां मान खालीं घालून परततो. ज्या खेळांत अपयश इतकें नित्याचें आहे त्यांत एका दिवसाच्या पाहण्यावरून कोणाची पारख करणार? एक साधा हिशेब करून पाहावा. हंगामांत साडेपांचशे पाळ्या खेळणाऱ्या दोघांपैकीं एकाची सरासरी .३०० आणि दुसऱ्याची .२७५ असेल, तर पहिला नामांकित ठरतो व दुसरा सामान्य. ह्या दोघांत साऱ्या हंगामांत मिळून अवघ्या चौदा टोल्यांचा फरक असतो, पंधरवड्यांत एक. हा फरक रोज मैदानावर जाऊन बसणाऱ्या माणसाच्याही डोळ्यांस दिसणें शक्य नाहीं. १९६१-६२ पासून प्रत्येक संघ हंगामांत साधारणपणें १६२ सामने खेळतो. त्यांतून सत्य काय तें चाळून काढावयाचें तर मोजल्यावांचून गत्यंतर नाहीं. बेसबॉलचा रसिक मोजतो तो अरसिक म्हणून मोजत नाहीं. त्याच्या खेळाचा घाटच तसा आहे.

मोजण्याची ही विद्या ज्यानें रूढ केली तो हेन्री चॅडविक जन्मानें इंग्रज आणि मूळचा क्रिकेटचा बातमीदार होता, ही गोष्ट आमच्या वाचकांस गंमतीची वाटेल. १८२४ सालीं एक्झेटर येथें जन्मलेला हा गृहस्थ १८३७ सालीं अमेरिकेंत आला, पुढें न्यूयॉर्कच्या पत्रांतून क्रिकेटचे वृत्तांत लिहूं लागला, आणि बेसबॉलची गोडी लागल्यावर क्रिकेटच्या धांवफलकाच्या धर्तीवर १८५९ सालीं त्यानें ह्या नव्या खेळासाठीं एक कोष्टक बसविलें. त्यास ‘बॉक्स स्कोअर’ म्हणतात. वर्तमानपत्राच्या एका स्तंभांत चार बोटें जागा. डावीकडे खेळाडूंचीं नांवें, उजवीकडे एकेरी आंकड्यांच्या रांगा. पण ज्याला गाणें येतें त्याला स्वरलिपीवरून जशी चीज ऐकूं येते, तसा ह्या कोष्टकावरून जाणत्यास सामना दिसतो. तीन वेळां चुकून बाद झालेल्या फलंदाजापुढें ‘के’ हें अक्षर लिहितात. ‘स्ट्रक’ ह्या इंग्रजी शब्दाचें तें शेवटचें अक्षर. ही खूणही चॅडविकचीच, आणि आजही लहान मुलें मैदानांत आपल्या पिचरच्या कौतुकासाठीं हें अक्षर पुठ्ठ्यावर काढून टांगतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. चॅडविकचें कोष्टक दिसावयास निर्विकार असलें तरी तसें तें नव्हतें. क्षेत्ररक्षकाच्या चुकांसाठीं त्यांत एक रकाना आहे. ‘हा चेंडू कोणाही साधारण खेळाडूनें अडविला असता,’ असें नोंद ठेवणाऱ्याच्या मनानें घेतलें म्हणजे त्या रकान्यांत एक पडतो. म्हणजे आंकड्याच्या पोटांत मत दडलेलें आहे. तसेंच, पिचरनें चार वाईट चेंडू टाकले कीं फलंदाजास पहिला बेस फुकट मिळतो. ह्यांत फलंदाजाचें कर्तृत्व कांहीं नाहीं, दोष केवळ पिचरचा, असें चॅडविकचें मत होतें. म्हणून तो बेस फलंदाजाच्या सरासरींत सहसा धरला गेला नाहीं. वाईट चेंडू ओळखून हात आंवरणें ही मोठी कला आहे. पण ती ह्या हिशेबांत शंभराहून अधिक वर्षें निनांवी राहिली. एका सज्जन बातमीदाराचें नीतिशास्त्र गणिताच्या वेषांत किती काळ राज्य करूं शकतें, ह्याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां वादाकडे वळूं. ह्या रसिकांच्या जुन्या वादांत १९४१ सालचा वाद सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि तो समजला म्हणजे त्यांच्या बोलण्याची सारी रीत समजते. त्या वर्षीं न्यूयॉर्कच्या यँकीज संघाच्या जो डिमॅजिओनें लागोपाठ ५६ सामन्यांत निदान एक तरी टोला मारला. बोस्टनच्या रेड सॉक्स संघाच्या टेड विल्यम्सची हंगामाची सरासरी .४०६ झाली. २८ सप्टेंबर १९४१, हंगामाचा शेवटचा दिवस. फिलाडेल्फिया येथें एका दिवसांत दोन सामने व्हावयाचे होते. त्या सकाळीं विल्यम्सची सरासरी .३९९५५ होती. पुस्तकांत ती .४०० अशीच लिहिली गेली असती. आज खेळूं नकोस, बैस, असें संघाच्या व्यवस्थापकानें सुचविलें. विल्यम्स बसला नाहीं. दोन्हीं सामने खेळला आणि आठ पाळ्यांत सहा टोले मारून.४०६ वर पोंचला. हा प्रसंग सांगतांना बोस्टनकर .४०६ हा आंकडा जितक्या अभिमानानें उच्चारतात, तितक्याच हळुवारपणें .३९९५५ हाही उच्चारतात. पांच दशांश स्थळांत चारित्र्य सांठविलेलें आहे. ज्यांना हें हास्यास्पद वाटेल त्यांनीं भाऊसाहेब निंबाळकरांचें ४४३ आठवून पाहावें. १९४८ सालीं पुण्यास काठेवाडविरुद्ध ते नाबाद असतां, ब्रॅडमनच्या ४५२ चा विक्रम नऊ धांवांवर आलेला पाहून प्रतिपक्षानें सामनाच सोडून दिला. त्या नऊ धांवा मराठी माणसाच्या मनांत अजून सलतात कीं नाहीं? आंकडा कोरडा असता तर त्यांतून पाऊणशे वर्षें कळ निघत राहती ना.

त्या वर्षींचा ‘सर्वांत मोलाचा खेळाडू’ म्हणून मान मिळाला तो मात्र डिमॅजिओस. बोस्टनच्या पक्षाचें म्हणणें असें : डिमॅजिओच्या त्या ५६ सामन्यांच्या काळांतही विल्यम्सचीच सरासरी किंचित् अधिक होती, आणि चॅडविकनें वगळलेले फुकटचे बेस हिशेबांत घेतले तर विल्यम्स शंभरांपैकीं पंचावन्न पाळ्यांत बाद न होतां बेसावर पोंचत होता. न्यूयॉर्कचा पक्ष विचारतो, अजिंक्यपद कोणाच्या संघानें मिळविलें? रोज एक, असें छपन्न दिवस चुकूं न देणें ह्यांत जो धीर लागतो तो कोणत्या रकान्यांत लिहावयाचा? वाचकांनीं पाहावें कीं, हा वाद वरून आंकड्यांचा दिसत असला तरी त्याच्या तळाशीं ‘मोल’ ह्या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न आहे. मोल एकट्याच्या गुणांत असतें कीं ज्या कामीं ते गुण आले त्या कामांत? साहित्यांत आपण हाच प्रश्न ‘कलेसाठीं कला’ वगैरे नांवांनीं चघळला आणि शेवटीं एकमेकांस अरसिक ठरवून घरीं गेलों. बोस्टन-न्यूयॉर्कच्या मंडळींस तसें घरीं जातां येत नाहीं. दोघांपुढें तेंच कोष्टक असतें, आणि त्यांत नाहीं तें आहे म्हणणाऱ्यास तिसरा माणूस तत्काळ थांबवितो.

ह्याच विल्यम्सवर जॉन अपडाइक ह्या कादंबरीकारानें लिहिलेला लेख अमेरिकन निबंधवाङ्मयांत मानाचा समजला जातो. २८ सप्टेंबर १९६० रोजीं, म्हणजे फिलाडेल्फियाच्या त्या दिवसास बरोबर एकोणीस वर्षें झालीं असतां, बोस्टनच्या फेनवे मैदानावर बेचाळीस वर्षांचा विल्यम्स अखेरचा सामना खेळला आणि आपल्या शेवटच्या पाळींत त्यानें होमरन मारला. तो त्याचा ५२१ वा. प्रेक्षक दहा हजारांच्या थोडे वर होते, आणि त्यांनीं कितीही आरोळ्या ठोकल्या तरी विल्यम्सनें टोपी कांहीं उंचावली नाहीं. तो लेख ‘न्यूयॉर्कर’च्या ऑक्टोबरच्या अंकांत आला तेव्हां अपडाइक अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. ह्या लेखांतील शेवटच्या होमरनचें वर्णन सगळे वाखाणतात, तें योग्यच आहे. आमच्या मतें मात्र त्याचें खरें बळ मधल्या, कमी वाचल्या जाणाऱ्या भागांत आहे. विल्यम्स मोजक्या निर्णायक सामन्यांत पडला, म्हणून तो थोर नव्हे, असें बोस्टनचीं वर्तमानपत्रें वर्षानुवर्षें लिहीत आलीं होतीं. अपडाइक त्या मोजक्या सामन्यांचा हिशेब मांडतो आणि इतक्या थोड्या पुराव्यावर माणसाच्या एकवीस-बावीस वर्षांचा न्याय करणें रास्त नव्हे, हें दाखवितो. हें दाखवून झाल्यावरच तो भावनेस मोकळी वाट देतो. आधीं न्याय, मग गहिंवर. आपल्याकडील मृत्युलेख लिहिणाऱ्यांनीं हा क्रम अभ्यासावा.

रॉजर अँजेल ह्याची प्रकृति निराळी. १९२० ते २०२२ असें एकशेएक वर्षांचें आयुष्य लाभलेला हा लेखक ‘न्यूयॉर्कर’चा कथासंपादक होता. १९६२ सालीं तो बेसबॉलवर लिहावयास निघाला, तेव्हां बातमीदारांच्या जागीं न बसतां प्रेक्षकांत जाऊन बसला. त्या वर्षीं न्यूयॉर्कला मेट्स हा नवा संघ निघाला होता आणि त्यानें १२० सामने हरून केवळ ४० जिंकले. इतका वाईट संघ, आणि त्याच्यासाठीं घसा फोडून ओरडणारे हजारों लोक! जिंकणाऱ्या संघावर प्रेम करणें हें व्यवहाराचें लक्षण झालें. हरणाऱ्या संघावरच्या प्रेमांत माणूस आपलेंच नशीब पाहत असतो, हें अँजेलनें त्या आरोळ्यांतून ओळखलें. त्याचा ‘द समर गेम’ हा १९७२ सालचा लेखसंग्रह आजही ताजा वाटतो. दोष दाखवावयाचा तर इतकाच कीं, त्याची प्रसन्नता कधीं कधीं फार सलग होते. त्याला राग येत नाहीं. ज्या टीकाकारास राग येत नाहीं त्याच्या हातून कांहीं गोष्टी सुटतात.

राग ज्याला भरपूर येत असे तो बिल जेम्स. कॅन्सस संस्थानांतील एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यांत हा पदवीधर रात्रीचा पहारेकरी होता. पहाऱ्यावर असतां जुने बॉक्स स्कोअर चाळून काढलेले निष्कर्ष त्यानें १९७७ सालीं स्वखर्चानें छापले. प्रती खपल्या पाऊणशेच्या आसपास. पांच वर्षांत त्याच्या वार्षिकास मोठा प्रकाशक मिळाला. आणि पंचवीस वर्षांनीं खुद्द रेड सॉक्सनीं त्याला सल्लागार म्हणून नोकरीस ठेवलें. आंकडेबहाद्दर म्हणून त्याची ख्याति आहे. आमच्या मतें ती त्याच्यावर अन्याय करणारी आहे. जेम्सची थोरवी प्रश्न विचारण्यांत आहे. चुकांचा तो रकानाच पाहा. ज्या क्षेत्ररक्षकाच्या नांवावर चुका कमी तो चांगला, असें सारे मानीत. जेम्सनें विचारलें, जो मुळांत चेंडूपर्यंत पोंचतच नाहीं त्याच्या हातून चूक होणार कशी? मंद माणूस निर्दोष ठरतो, आणि चपळ माणूस लांबच्या चेंडूवर झेंप घालून तो निसटला कीं सदोष ठरतो. म्हणून चुका मोजण्यापेक्षां त्यानें किती गडी बाद करविले तें मोजा. हें वाचून आम्हांस आपल्याकडच्या शुद्धलेखनी समीक्षेची आठवण झाली. तीतही कधीं कांहीं धाडस न करणारा लेखकच निर्दोष म्हणून उत्तीर्ण होतो. जेम्सची गद्यशैली खोंचक, बोलकी व पुष्कळदां अन्यायी आहे, पण ती वाचवते. हौशी संशोधकांची जी संस्था १९७१ सालीं कूपर्सटाउन येथें स्थापन झाली तिच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यानें ह्या विद्येस ‘सेबरमेट्रिक्स’ हें नांव दिलें. त्याच्या अनुयायांनीं ती विद्या पुष्कळ वाढविली. गद्य मात्र त्यांनीं गुरूकडेच ठेवलें.

जेम्सच्या प्रश्नांचा परिणाम झाला, व तो बव्हंशीं चांगला झाला. २०१० सालीं सिअ‍ॅटलच्या फेलिक्स हर्नांडेझ ह्यास वर्षांतील उत्तम पिचरचा मान मिळाला, त्या वेळीं त्याचे विजय १३ आणि पराजय १२ होते. पूर्वींच्या काळीं असें घडतेंना. त्याच्या संघास धांवा काढतां येत नव्हत्या, हा दोष त्याचा नव्हे, हें आतां मत देणाऱ्यांनाही पटलें होतें. परंतु ह्याच विद्येची दुसरी बाजूही आहे. मायकेल लुइसच्या ‘मनीबॉल’ ह्या २००३ सालच्या पुस्तकांत ओकलंडच्या गरीब संघानें दुर्लक्षित आंकड्यांच्या बळावर स्वस्त खेळाडू निवडून २००२ सालीं लागोपाठ वीस सामने कसे जिंकले, ही कथा फार चटकदार सांगितली आहे. पुस्तक मनोवेधक आहे, आणि हात आंवरण्याची जी कला चॅडविकनें निनांवी ठेविली तिला त्यानें घराघरांत पोंचविलें. पण त्या कथेचा नायक खेळाडू नाहीं. खेळाडू स्वस्तांत विकत घेणारा व्यवस्थापक आहे. आणि तेव्हांपासून रसिकांच्या बोलण्यांत एक नवा सूर शिरला. अमक्याला इतके लाख डॉलर देऊन मालकानें काय मिळविलें, तमक्याला आतांच विकून टाकावा काय, असें दहा डॉलरचें तिकीट काढून वरच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस बोलूं लागला. ज्याची पेढी त्यानें हिशेब पाहावा. गिऱ्हाइकानें मुनिमाची टोपी कां घालावी, हें आम्हांस कळत नाहीं. खेळाडूची सारी योग्यता एकाच संख्येंत सांगण्याची जी टूम निघाली आहे तीही ह्याच जातीची. परीक्षक ह्या नात्यानें तीस वर्षें उत्तरपत्रिकांवर एकेक आंकडा घालीत आल्यामुळें त्या आंकड्याची योग्यता आम्हांस पुरती ठाऊक आहे. त्यानें क्रम लागतो, ओळख होत नाहीं. शिवाय मे २०१८ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें खेळांवर पैज लावण्याची मोकळीक राज्यांस मिळाली, आणि पुढचा चेंडू कसा पडेल ह्यावरही पैसे लावणारे निघाले. ज्या आंकड्यावरून दोन म्हातारे आयुष्यभर भांडले त्याच्यावरच आतां रोखीनें सौदा होतो. भांडणांत दोघेही शेवटपर्यंत आपापल्या जागीं राहत. सौद्यांत एकाला घर विकावें लागतें.

बोस्टनकरांच्या बोलण्याकडे पुन्हां वळतों, कारण त्यांत एक शोकरसाचा भाग आहे. १९१८ नंतर त्यांच्या संघास अजिंक्यपद मिळालें नाहीं. पुढील वर्षअखेरीस संघाच्या मालकानें बेब रूथ ह्यास यँकीजना विकलें. त्या पापाचा शाप संघास लागला, अशी आख्यायिका झाली. २५ ऑक्टोबर १९८६ च्या सामन्यांत विजयास एकच गडी हवा असतां घात झाला, आणि बिल बकनरच्या दोन पायांमधून गेलेल्या चेंडूवर साऱ्या पराभवाचें खापर फुटलें. जाणते रसिक तेव्हांपासून सांगत आले कीं, तो चेंडू येण्यापूर्वींच बरोबरी झाली होती, आणि दुसरे दिवशीं नाहीं तरी पुढें एक सामना खेळावयाचा होताच; पण शाप हिशेब ऐकत नाहीं. अखेर २००४ सालीं, यँकीजविरुद्ध पहिले तीन सामने गमावून पुढचे चार जिंकण्याचा अभूतपूर्व पराक्रम करून, शहाऐंशी वर्षांनीं तें पद आलें. २००८ सालीं बकनर फेनवेवर आला तेव्हां लोकांनीं उभें राहून त्याचें स्वागत केलें.

ही शापाची कथा गोड आहे. पण ती सांगणाऱ्यांनीं एक तारीख क्वचितच तिच्याशेजारीं ठेविली. कृष्णवर्णीयांस बड्या लीगांचीं दारें बंद होतीं. १५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुकलिनच्या संघांतून जॅकी रॉबिन्सन खेळला आणि तीं उघडलीं. त्याच रॉबिन्सनची दोन वर्षांपूर्वीं, एप्रिल १९४५ मध्यें, फेनवे मैदानावर परीक्षा घेऊन त्याला परत पाठविण्यांत आलें होतें. साऱ्या संघांत अगदीं शेवटीं, २१ जुलै १९५९ रोजीं, पम्प्सी ग्रीनच्या रूपानें पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानांत उतरविणारा संघ म्हणजे रेड सॉक्स. एका विकलेल्या खेळाडूचा शाप शहाऐंशी वर्षें मोजला; घेतलेच नाहींत त्यांची मोजदाद कोणीं करावी?

ती मोजदाद पुढें झाली, आणि बरीचशी रसिकांनींच केली. आंकड्यांतल्या चुका शोधण्याची संवय त्यांना होतीच. टाय कॉब ह्याच्या नांवावरील ४,१९१ टोले हा आंकडा पिढ्यान् पिढ्या पाठ केला जाई. पीट पामर ह्या संशोधकास १९१० सालचा एक सामना त्यांत दोनदां धरलेला आढळला, आणि खरा आंकडा ४,१८९ असल्याचें १९८१ मध्यें प्रसिद्ध झालें. त्या वेळच्या आयुक्तांनीं दुरुस्ती मानली नाहीं. ह्याच चिकाटीनें कांहीं माणसें ग्रंथालयांतून कृष्णवर्णीयांचीं जुनीं पत्रें, ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरियर’, ह्यांच्या फायली दशकानुदशकें चाळीत बसलीं आणि निग्रो लीग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सात लीगांच्या सामन्यांचे बॉक्स स्कोअर एकेक करून उतरवून काढूं लागलीं. पगार नाहीं, पदवी नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें ह्या लीगांना १९२० ते १९४८ ह्या काळापुरता बड्या लीगांचा दर्जा मिळाला, आणि मे २०२४ मध्यें त्यांचे आंकडे अधिकृत पुस्तकांत दाखल झाले. त्या दिवशीं कारकीर्दीच्या सरासरीचा विक्रम कॉबच्या .३६७ वरून जॉश गिब्सनच्या .३७२ कडे गेला. रॉबिन्सन मैदानांत उतरण्याच्या तीन महिने आधीं, २० जानेवारी १९४७ रोजीं, गिब्सन पस्तिसाव्या वर्षीं वारला होता.

ह्या निर्णयावर रसिकांत जें वादळ उठलें तें आम्हांस त्यांच्या साऱ्या वाङ्मयांतील सर्वांत वाचनीय प्रकरण वाटतें. १९४३ सालीं गिब्सनची सरासरी .४६६ होती. म्हणजे .४०० ओलांडणारा शेवटचा फलंदाज म्हणून ज्या विल्यम्सचें नांव बोस्टनचें पोर देखील घेई, तो शेवटचा राहिला नाहीं. हंगाम साठ-सत्तर सामन्यांचा, पाळ्या थोड्या, अशा तुटपुंज्या हिशेबावर ही बरोबरी कशी, असें एका पक्षानें विचारलें. आणि हें विचारणारांत कांहीं तेच होते, ज्यांनीं मोजक्या सामन्यांवरून विल्यम्सचा न्याय करूं नये म्हणून पूर्वीं वाद घातला होता. दुसऱ्या पक्षानें विचारलें, पाळ्या थोड्या कां मिळाल्या, आणि बड्या लीगांतल्या पिचरांस तरी गिब्सनपुढें उभें राहण्याची वेळ कोणामुळें आली नाहीं? दोन्हीं प्रश्न खरे आहेत. थोड्या पाळ्यांची सरासरी डळमळीत असते, हें गणित कोणाच्या दुःखानें बदलत नाहीं, पण कॉबची.३६७ ही सुद्धां कृष्णवर्णीय खेळाडूंस बाहेर ठेवून काढलेली सरासरी आहे, हेंही गणितच आहे. आमचा कौल आंकडे दाखल करणाऱ्यांच्या बाजूचा आहे, कारण कोष्टकांत आल्यावांचून ह्या खेळाडूंविषयीं भांडतांही येत नव्हतें. त्यांची केवळ आठवण काढतां येत होती. खुद्द विल्यम्सचें मत काय असतें, ह्याचा तर्क करण्याचें फारसें कारण नाहीं. जुलै १९६६ मध्यें कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरांत त्याचा प्रवेश झाला, तेव्हांच्या छोट्याशा भाषणांत त्यानें सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन हीं दोन नांवें घेतलीं आणि ज्यांना संधीच मिळाली नाहीं अशा त्या थोर खेळाडूंसही एक दिवस येथें स्थान मिळावें, अशी इच्छा बोलून दाखविली. पेज १९७१ सालीं आला, गिब्सन १९७२ सालीं.

गिब्सनच्या नांवाचा जो ताम्रपट तेथें लावला आहे त्यावर त्याचे होमरन आठशेंच्या जवळपास सांगितले आहेत. अधिकृत पुस्तकांत ते दोनशेंच्याही आंत आहेत. लीगचे सामने तेवढे पुस्तकांत आले. गांवोगांव मोटारींतून हिंडून खेळलेले बाकीचे सामने आले नाहींत. लीगच्या सामन्यांचीं देखील सुमारें तीन चतुर्थांश कोष्टकेंच हातीं लागलीं आहेत. उरलेल्यांचा शोध चालू आहे. जुन्या पत्राचें पान उघडावें, संघांचीं नांवें दिसावींत, खालीं अंतिम धांवसंख्या दिसावी, आणि फलंदाजांचे रकाने जागेअभावीं छापलेलेच नसावेत, असें शोधणारांच्या वांट्यास पुष्कळदां येतें.